ॲनिमस : आठवण कोणाची, यंत्र कोणाचं?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे या व्यासपीठावर आजवर किल्ले, तह, ताम्रपट असे विषय झाले आणि ते साजेसेच होते. मी आज एका व्हिडिओ गेमविषयी बोलणार आहे. नेमकं सांगायचं तर त्या गेमच्या पोटात असलेल्या, प्रत्यक्षात कुठंही नसलेल्या एका यंत्राविषयी. गेमची मालिका 'असासिन्स क्रीड' आणि यंत्राचं नाव ॲनिमस. मुलामुलींना ही नावं चांगलीच ओळखीची आहेत. ज्येष्ठांसाठी मी सुरुवातीपासून सांगते. मुलांनी तेवढा धीर धरावा.

हा विषय का घेतला? आज आपल्या घरांतली पंधरा-सोळा वर्षांची मुलं जेरुसलेम, फ्लॉरेन्स, अथेन्स ही शहरं गल्लीबोळांसकट ओळखतात. ती शहरं त्यांनी वाचलेली नाहीत, त्यांत ती वावरलेली आहेत. कुठल्या छपरावरून कुठल्या छपरावर उडी मारता येते, हे त्यांच्या बोटांना पाठ आहे. म्हणजे इतिहास त्यांच्यापर्यंत आठवण होऊन पोचतो आहे. वाचलेल्या गोष्टीवर माणूस शंका घेतो. स्वतःच्या आठवणीवर किती जण घेतात? म्हणून जे यंत्र इतिहासाची आठवण बनवतं, ते उघडून पाहायला हवं. माझं म्हणणं एवढंच आहे की हे यंत्र जिथं स्वतःला दाखवतं तिथं ते इतिहासाचं मोठं काम करतं, आणि जिथं स्वतःला लपवतं तिथं ते घातक ठरतं.

आधी यंत्र कसं चालतं ते पाहू.

पहिला गेम आला नोव्हेंबर 2007 मध्ये. कंपनी युबिसॉफ्ट, मूळची फ्रेंच. स्टुडिओ कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा. काम सुरू झालं होतं 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या मालिकेचा पुढचा भाग म्हणून. व्लादिमिर बार्टोल या स्लोव्हेनियन लेखकाच्या 1938 सालच्या 'अलामूत' या कादंबरीचा त्यावर प्रभाव पडला आणि त्यातून वेगळाच गेम उभा राहिला. कथा अशी. डेझमंड माइल्स हा बारमध्ये काम करणारा एक तरुण. ॲबस्टर्गो नावाची बलाढ्य कंपनी त्याला पळवून नेते आणि एका यंत्रावर आडवं झोपवते. माणसाच्या डीएनएत पूर्वजांच्या आठवणी साठवलेल्या असतात, असं या कथेचं गृहीत आहे. यंत्र त्या आठवणी वाचतं आणि डेझमंड 1191 साली, तिसऱ्या क्रूसेडच्या धामधुमीत, अल्ताईर नावाच्या आपल्या पूर्वजाचं आयुष्य जगू लागतो. खेळणारे आपण, आपण झालो डेझमंड, आणि डेझमंड झाला अल्ताईर.

सरळ 1191 सालची गोष्ट सांगता आली असती. मग मधे हे यंत्र कशाला? कारण गेममध्ये काही गोष्टी अपरिहार्य असतात. माणूस मरतो आणि पुन्हा उभा राहतो, नकाशाला कड असते, कोपऱ्यात प्राणशक्तीची पट्टी असते. इतर गेम या गोष्टींकडं काणाडोळा करायला लावतात. इथं यंत्रानं प्रत्येक गोष्टीला अर्थ दिला. तुम्ही दमास्कसच्या बाजारात आहात. गर्दीत कुणी वाट अडवली, तुम्ही चिडलात आणि एका निरपराध माणसावर पातं चालवलंत. लगेच पडद्यावर सूचना येते की अल्ताईरनं निरपराधांना मारलं नव्हतं, आणि वरच्या पट्टीतलं एक घर विझतं. ती पट्टी प्राणांची नाहीच. पूर्वजाशी तुमचा किती मेळ बसला आहे, याचं ते माप आहे. शहराच्या एका बाजूला फार दूर गेलात तर चकाकणारी भिंत आडवी येते आणि यंत्र सांगतं की ही आठवण अजून खुली झालेली नाही. तुम्ही मेलात तर पूर्वज मेला असं यंत्र म्हणत नाही. मेळ तुटला, एवढंच म्हणतं. मग पुन्हा मागं जाऊन नीट जगा.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात काय दिसतं? आर. जी. कॉलिंगवुड या ब्रिटिश तत्त्वज्ञाचं 'द आयडिया ऑफ हिस्टरी' हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, 1946 मध्ये प्रसिद्ध झालं. इतिहासकारानं जुन्या माणसाचा विचार आपल्या मनात पुन्हा घडवायचा असतो, असं त्याचं प्रतिपादन होतं. आणि तो मनमानी करून घडवायचा नाही, पुराव्याच्या लगामात राहून घडवायचा. अल्ताईरनं असं केलं नव्हतं, ही पडद्यावरची सूचना म्हणजे तो लगाम आहे. भूतकाळात तुम्ही फिरू शकता, पण तिथं हवं ते करू शकत नाही. लाखो मुलांच्या हाती ही शिस्त एका गेमनं दिली. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

आता दुसरा मुद्दा. तो अवघड आहे आणि त्यावर मी जास्त वेळ घेणार आहे. ही आठवण राहते कुठं? गेमचं उत्तर आहे, रक्तात.

विज्ञानाला हे मान्य नाही. आपण काय पाहिलं, कुणाशी भांडलो, कुठल्या रस्त्यानं पळालो, हे डीएनएत लिहिलं जात नाही. 2013 च्या अखेरीस उंदरांवरचा एक प्रयोग गाजला होता. एका विशिष्ट वासाशी भीती जोडली गेलेल्या उंदरांची पिल्लंही त्या वासाला जास्त संवेदनशील निघाली. त्या निष्कर्षांवर वाद झाले, आणि ते जसेच्या तसे धरले तरी पिढी ओलांडून आली ती एका वासाची धास्ती. घटना आली नाही, चेहरे आले नाहीत. शिवाय साधा विचार करून पाहा. मूल गर्भात आलं त्यानंतर बापानं जे भोगलं, ते मुलाच्या रक्तात कसं येणार? गेमच्या लेखकांनाही ही अडचण ठाऊक होती. म्हणून 2011 च्या 'रेव्हलेशन्स'मध्ये अल्ताईरच्या उतारवयातल्या आठवणी डीएनएतून न येता वेगळ्या जपून ठेवलेल्या चकत्यांमधून येतात. आपल्याच गृहीताशी एवढं इमान राखणाऱ्या लेखकांबद्दल मला आदर वाटतो.

पण मला घोर आहे तो त्या गृहीतामागच्या भावनेचा. माझ्या पूर्वजाची आठवण माझ्या रक्तात आहे, म्हणून त्याचा इतिहास मलाच कळतो, दुसऱ्यानं त्याबद्दल बोलू नये. हे वाक्य आपण कुठं ऐकलं आहे? गेममध्ये ऐकायची गरज नाही. आपल्या गावात, आपल्या सभांत, आपल्या फोनवर रोज ऐकतो. पुस्तकं अडवली जातात ती याच वाक्यानं. संशोधकाचं आडनाव विचारलं जातं तेही याच वाक्यानं.

म्हणून थोडा हिशेब करू. दोन आईबाप, चार आजीआजोबा, आठ पणजीपणजोबा. दहा पिढ्या मागं गेलात की पूर्वजांच्या जागा होतात 1,024. वीस पिढ्या मागं गेलात की दहा लाखांच्या वर. अल्ताईर आणि डेझमंड यांच्यात साधारण आठशे वर्षं आहेत. पंचवीस वर्षांची पिढी धरली तर बत्तीस पिढ्या, आणि जागा होतात 429 कोटी. बाराव्या शतकात सगळ्या जगाची लोकसंख्या पन्नास कोटींच्या आतच होती. मग एवढे पूर्वज आले कुठून? उत्तर असं की तीच माणसं पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या वाटांनी आपली पूर्वज ठरतात. जातीत आणि नात्यात लग्नं करणाऱ्या आपल्या समाजात तर या वाटा आणखीच लवकर एकमेकींत मिसळतात. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. प्रत्येक पिढीत डीएनएची वाटणी होते. त्यामुळे इतक्या दूरच्या बहुतेक पूर्वजांचा एक तुकडाही आपल्यात उरलेला नसतो. ज्याच्या नावानं छाती फुगवतो त्याच्याकडून कदाचित काहीही आलेलं नाही, आणि ज्याचं नावही माहीत नाही त्याच्याकडून आलेलं आहे. रक्ताचा दावा असा रक्ताच्याच गणितात विरून जातो.

मग पूर्वजांची आठवण खरोखर कुठं राहते? त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला तुमच्यापैकी अनेक जण गेले असतील. तीर्थोपाध्याय गाव आणि आडनाव विचारतात आणि एक लांबट, जाड वही काढतात. जुनी पानं मोडीत आहेत. आपल्या पणजोबांनी केव्हातरी येऊन लिहवलेला लेख समोर येतो: स्वतःचं नाव, वडिलांचं, आजोबांचं, भावांची नावं, मूळ गाव. कुठं शाई पसरलेली, कुठं एक नाव खोडून वर दुसरं लिहिलेलं. तो लेख वाचताना अंगावर काटा येतो, कारण ती माणसं तिथं येऊन बसली होती. पण पाहा, ही आठवण आपल्या शरीरात नाही. ती परक्या माणसाच्या घरी, कागदावर आहे आणि पिढ्यान् पिढ्या त्यानं ती सांभाळली म्हणून आहे. तिथं चूकही असू शकते आणि चूक पकडताही येते. खोडलेलं नाव दिसतं, हे त्या वहीचं मोठेपण आहे. रक्तात खाडाखोड कशी दिसणार?

या रक्ताच्या हट्टानं गेमलाही एकदा अडचणीत आणलं. 2018 च्या 'ओडिसी'त, प्राचीन ग्रीसमध्ये, कुणावर प्रेम करायचं याची मोकळीक खेळणाऱ्याला होती. जानेवारी 2019 मध्ये आलेल्या पुढच्या भागात मात्र वंश चालला पाहिजे म्हणून नायक-नायिकेला मूल होणं भाग पाडलं. ज्यांनी आपल्या पात्राला स्त्रियांवरच प्रेम करणारी स्त्री म्हणून घडवलं होतं, त्यांना ते फार लागलं. कंपनीला माफी मागावी लागली आणि कथेत बदल करावे लागले.

तिसरा मुद्दा मालकीचा. यंत्र कोणाचं?

पहिल्या गेममध्ये हे स्पष्ट आहे. यंत्र ॲबस्टर्गोचं आहे, आणि ॲबस्टर्गो म्हणजे आधुनिक कंपनीच्या वेशातले टेम्प्लर, अल्ताईरच्या पंथाचे जुने वैरी. डेझमंडच्या पूर्वजांवर त्यांना प्रेम नाही. त्यांना एक वस्तू कुठं दडवली आहे ते शोधायचं आहे. म्हणजे पूर्वजाचं आयुष्य आपण बघतो ते कुणाच्या तरी स्वार्थासाठी उघडलेल्या खिडकीतून, आणि गेम हे आपल्याला विसरू देत नाही. अधूनमधून यंत्र थांबतं, डेझमंड उठतो, पांढऱ्याफटक खोलीत येतो. कितीतरी खेळाडूंना हा भाग कंटाळवाणा वाटायचा. लवकर संपव आणि मला परत जेरुसलेमला ने, असं त्यांना व्हायचं. माझ्या मते गेममधला सर्वांत मोलाचा भाग तोच होता.

2013 च्या 'ब्लॅक फ्लॅग'मध्ये तर आपण त्या कंपनीचे नोकर होतो. नाव नसलेला एक कर्मचारी, मॉन्ट्रियलमधलं काचेचं ऑफिस, आणि काम काय? कथेत तोवर मेलेल्या डेझमंडच्या डीएनएतून पूर्वजांच्या आठवणी काढायच्या, त्यांचं करमणुकीत रूपांतर करायचं. ऑफिसातल्या संगणकांत शिरलात तर कोणत्या पूर्वजाचं आयुष्य बाजारात चालेल याची चर्चा वाचायला मिळते. 2014 च्या 'युनिटी'त यंत्र हेलिक्स नावानं थेट ग्राहकाच्या घरी आलं. फ्रेंच राज्यक्रांती ही यादीतून निवडायची एक वस्तू झाली.

पण या सगळ्यांत मला थोर वाटतो तो एक लहान गेम. 'लिबरेशन', ऑक्टोबर 2012, हातात धरायच्या कन्सोलसाठी आलेला. अठराव्या शतकातलं न्यू ऑर्लिन्स, आणि नायिका अवेलीन, फ्रेंच व्यापारी बाप आणि आफ्रिकन आई यांची मुलगी. हा गेम ॲबस्टर्गोनंच तयार केलेला माल आहे, असं त्याच्या कथेतच मांडलं आहे. तुम्ही आनंदानं खेळत असता आणि मधेच 'सिटिझन ई' नावाचा कुणी घुसखोर डोकावतो. त्याला गाठलंत की आधी पाहिलेल्या प्रसंगाचा कापून टाकलेला तुकडा दिसतो. म्हणजे तुम्ही जे पाहिलंत ते खोटं नव्हतं, पण पुरतं नव्हतं. कुणीतरी कात्री चालवली होती. इतिहासाच्या पहिल्या वर्गात शिकवावी अशी ही गोष्ट. कात्री कुठं लागली आहे ते शोध, आणि कात्री कुणाच्या हातात होती ते विचार.

आपल्याकडच्या बखरकारांना ही जाण होती. कृष्णाजी अनंत सभासदानं जिंजीला शिवाजी महाराजांचं चरित्र लिहिलं ते राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, आणि हे तो लपवत नाही. कोणी विचारलं, कुणासाठी लिहिलं, हे वाचणाऱ्याला आरंभीच कळतं. पुढं वि. का. राजवाड्यांनी बखरींवर कठोर टीका केली आणि अस्सल पत्रं प्रमाण मानली. ती टीका करता आली, कारण बखरीला चौकट होती.

आता चौकट हरवली की काय होतं, ते पाहा. 'युनिटी'साठी पॅरिसचं नोत्र दाम कॅथेड्रल उभारलं गेलं. कॅरोलाइन मियूस या कलाकार वर्षाहून अधिक काळ त्याच एका वास्तूवर काम करत होत्या. दगड, कमानी, रंगीत काचा, सगळं डोळे दिपवणारं. आणि वर उंच, निमुळता मनोरा. क्रांतीच्या काळात तो मनोरा तिथं नव्हता! जुना मनोरा अठराव्या शतकाच्या अखेरीस उतरवला गेला होता. आपल्या ओळखीचा मनोरा व्हियोले-ल-द्युकनं उभारला 1859 मध्ये. मग गेममध्ये तो का आला? मनोऱ्याशिवायचं नोत्र दाम लोकांना नोत्र दाम वाटलं नसतं, आणि चढायला शिखरही हवं होतं.

15 एप्रिल 2019 ला आग लागली आणि तोच मनोरा कोसळला. कंपनीनं पुनर्बांधणीसाठी पाच लाख युरो दिले आणि आठवडाभर हा गेम फुकट वाटला. जगभरातली मुलं आत शिरली, छपरावर चढली, तिथं शांत बसून राहिली. ते दुःख खरं होतं, आणि मी त्याला कमी लेखणार नाही. पण त्याच दिवसांत एक बातमी पसरली की आता या गेमवरूनच कॅथेड्रल पुन्हा बांधणार. खरा आधार कशाचा होता? अँड्र्यू टॅलन या कलेतिहासाच्या प्राध्यापकानं 2010 मध्ये लेझरनं त्या वास्तूचं मोजमाप घेतलं होतं, अब्जाहून जास्त बिंदूंचं. टॅलन आगीच्या काही महिने आधी वारला. त्याचं नाव किती जणांना ठाऊक होतं? सुंदर आठवणीनं मोजमापाला झाकून टाकलं. यात खोडसाळपणा कुणाचाही नव्हता. यंत्रानं स्वतःला लपवलं होतं, म्हणून असं झालं.

याच गेमवर फ्रान्समधले डावे नेते मेलाँशाँ 2014 मध्ये संतापले होते. क्रांतीतली जनता रक्तपिपासू आणि क्रांतीचा नेता रोबेस्पिएर राक्षस दाखवला, असा त्यांचा आक्षेप होता. काही लोक हसले. गेमवर कसलं एवढं चिडायचं! मला त्यांचा राग रास्त वाटतो. ज्याला एक पिढी आठवण म्हणून जवळ बाळगणार आहे, त्याबद्दल नागरिकानं बोलायचं नाही तर कशाबद्दल बोलायचं?

बोलणं घडलं की काम सुधारतं, याचंही उदाहरण आहे. 2012 च्या 'असासिन्स क्रीड 3'चा नायक उत्तर अमेरिकेतल्या मोहॉक या मूलनिवासी जमातीतला. मॉन्ट्रियलजवळच्या कानावागे वस्तीतल्या जाणकारांना स्टुडिओनं बरोबर घेतलं. मोहॉकांचे आपसातले संवाद मोहॉक भाषेत झाले. शत्रूच्या डोक्याची कातडी सोलण्याचा प्रकार त्यांच्या सांगण्यावरून वगळला, एक पवित्र मुखवटाही काढला. म्हणजे मोहॉकांचं ऐकायचं ते रक्तासाठी नव्हे, ती भाषा आणि त्या रीती ते जपत आले म्हणून. याउलट 2025 मध्ये आलेल्या जपानवरच्या 'शॅडोज'च्या आधी काय झालं? सेकिगाहारातल्या एका हौशी बंदूकधारी पथकाचा ध्वज न विचारता चित्रांत वापरला गेला आणि कंपनीला माफी मागावी लागली. पुढं गेममध्ये करता येणाऱ्या एका देवस्थानाच्या मोडतोडीवरून प्रश्न थेट जपानच्या संसदेत पोचला.

आणखी एक उदाहरण देते आणि मग आपल्या घरी येते. फेब्रुवारी 2018 मध्ये 'ओरिजिन्स' या इजिप्तवरच्या गेममध्ये 'डिस्कव्हरी टूर' आली. त्यात मारामारी नाही, मिशन नाही. 75 सफरी, आणि प्रत्येक ठिकाणी माहिती. एका शाळेत मुलगे आणि मुली एकत्र शिकताना दिसतात. तिथंच टीप आहे की प्रत्यक्षात वर्ग असे नव्हते. मुलींना आम्ही जाणूनबुजून घेतलं. मला ही टीप फार आवडते. निवड केली, आणि केली म्हणून सांगितलं.

मित्रहो, युबिसॉफ्टचा स्टुडिओ 2008 पासून पुण्यात आहे. आपली मुलंमुली तिथं आणि इतर ठिकाणी हे कसब शिकली आहेत. या मालिकेत हिंदुस्थान आला तो 2016 मध्ये, 1841 सालच्या अमृतसरचा, एका छोटेखानी गेममध्ये. मराठ्यांच्या इतिहासावरचा मोठा गेम आज ना उद्या होईल. तो करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: ॲनिमस ठेवा. यंत्र ठेवा, आणि ते दिसू द्या.

पानिपत घ्या. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड 1898 मध्ये निघाला. त्यात सदाशिवरावभाऊंची गोविंदपंत बुंदेल्यांना गेलेली पत्रं आहेत. रसद पाठवा, पैसा पाठवा, शत्रूच्या पिछाडीला त्रास द्या. त्या पत्रांच्या आधारानं छावणीतला एकेक दिवस उभा करता येईल. नोव्हेंबर 1760 नंतर छावणी कोंडली गेली, डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले, आणि कागद विरळ होत जातात. तिथं गेमनं ती चकाकणारी भिंत खुशाल आणावी. पुढं जायचं तर दोन दारं ठेवावीत. एका दारातून भाऊसाहेबांच्या बखरीत जाता येईल. दुसऱ्यातून शुजाउद्दौलाच्या चाकरीत असलेल्या काशीराज पंडिताच्या फार्सी वृत्तांतात, म्हणजे समोरच्या छावणीत. 14 जानेवारी 1761 ची तीच दुपार खेळणाऱ्याला दोनदा जगू द्या, आणि जिथं दोन्ही वृत्तांत जुळत नाहीत तिथं मेळाची पट्टी विझू द्या. भाऊसाहेबांचा शेवट नक्की कसा झाला, याविषयी तेव्हाच एवढा संशय होता की पुढं एक तोतया उभा राहिला, त्याच्यामागं सैन्य गोळा झालं आणि 1776 मध्ये त्याला देहान्त शासन झालं. त्या तोतयालाही गेममध्ये जागा द्या. त्याला भाऊसाहेब म्हणून ओळखणारी माणसं खोटारडी नव्हती. त्यांना भाऊसाहेब परत हवे होते. त्यांच्यापैकी एकाच्या जागी खेळणाऱ्याला उभं करा, तोतयाचा चेहरा समोर आणा, आणि ओळख पटते का, हे त्यालाच ठरवू द्या.